सीमारेषा आणि घर : डॉ. घुर्ये यांच्या आदिवासीविचाराचे परीक्षण

भारतीय समाजशास्त्राला विद्यापीठीय शिस्त लावणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे नाव आपल्या धर्मशिक्षणात फारसे ऐकू येत नाही. आलेच तर ते जातिसंस्थेच्या संदर्भात येते. त्यांनी सांगितलेली जातीची सहा लक्षणे विद्यार्थी पाठ करतात आणि तेथेच त्यांचा निरोप घेतात. वस्तुतः धर्मसेवेत पडलेल्या माणसाने त्यांचा अधिक काळजीपूर्वक अभ्यास करावयास हवा तो वेगळ्याच कारणासाठी. आदिवासी म्हणजे कोण, त्याला स्वतःचा धर्म आहे की नाही, आणि त्याने पुढे कोठे जावे, या प्रश्नांवर आज शासकीय कचेरीत, व्यासपीठावर आणि कित्येकदा आपल्या मंडळ्यांतही जी भाषा बोलली जाते, तिची सर्वांत सुसंगत मांडणी घुर्ये यांनी १९४३ साली करून ठेवली आहे. ही मांडणी बलवान आहे, तिला हसून उडवता येत नाही. आणि माझ्या मते ती तिच्या अगदी मध्यावर चुकलेली आहे. ही चूक नेमकी कोठे आहे ते पाहणे हा या लेखाचा हेतू.

प्रथम थोडे चरित्र. घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवण येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले, आणि संस्कृतचा हा पहिला संस्कार त्यांच्या पुढील सर्व लेखनावर अखेरपर्यंत टिकून राहिला. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्यानंतर घुर्ये विद्यापीठाच्या साहाय्याने इंग्लंडला गेले. लंडनमध्ये हॉबहाउस यांच्याकडे अल्पकाळ राहून ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचे शिष्य झाले. १९२२ साली रिव्हर्स अकाली वारले, आणि हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी आपला प्रबंध पुरा केला. १९२४ साली ते मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले, १९३४ साली प्राध्यापक, आणि १९५९ साली निवृत्त. १९५१ साली भारतीय समाजशास्त्र परिषदेची स्थापना करण्यात त्यांचा पुढाकार होता. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई, के. एम. कापडिया ही त्यांच्या शिष्यांतील काही नावे. गुरूंशी न पटणारी मते मांडण्याचे धैर्य यांतील अनेकांनी दाखविले, हेही गुरूंच्या बाजूने सांगितले पाहिजे. वेशभूषा, भरतनाट्य, साधुसंप्रदाय, नगरे, कुटुंबसंस्था, देवदेवता अशा अनेक विषयांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. साधुसंप्रदायांवरील १९५३ चा ग्रंथ आजही वाचनीय आहे, आणि धर्मसंस्था कशी टिकते याचे कुतूहल असलेल्या ख्रिस्ती वाचकाने तो अवश्य पाहावा. २८ डिसेंबर १९८३ रोजी, नव्वदी पुरी केल्यानंतर काही दिवसांनी, त्यांचे निधन झाले.

'कास्ट अँड रेस इन इंडिया' हा त्यांचा कीर्ती देणारा ग्रंथ १९३२ सालचा. नाकाच्या मापावरून जातीचा उच्चनीचपणा ठरविणारा सर हर्बर्ट रिस्ले यांचा सिद्धान्त त्या काळी सरकारी अहवालांत मानाने मिरवत होता. घुर्ये यांनी रिस्ले यांचीच मापे तपासून दाखविले की गंगेच्या मैदानापलीकडे हा मेळ जुळत नाही. महाराष्ट्रात तर नाहीच. एका भारतीय अध्यापकाने साम्राज्याच्या शास्त्राला त्याच्याच आकड्यांनी दिलेले हे उत्तर होते. मात्र त्याच ग्रंथात घुर्ये यांची दुसरी प्रवृत्तीही दिसते. जातिसंस्था ही गंगेच्या खोऱ्यात ब्राह्मणी संस्कृतीतून जन्मली आणि तेथून देशभर पसरली, असे ते मानतात. म्हणजे केंद्र एक, आणि बाकीचा देश त्या केंद्राच्या लाटा झेलणारा. इरावतीबाईंनी पुढे याच मुद्द्यावर गुरूंशी फारकत घेतली. महाराष्ट्रातील निरनिराळ्या ब्राह्मण जाती ह्या एका खोडाच्या फांद्या नसून वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन शेजारी बसलेले समूह असावेत, असे त्यांनी प्रतिपादिले. एक खोड फुटून झालेला समाज आणि अनेक घरे जवळ येऊन झालेला समाज, या दोन चित्रांतील भेद वाचकाने ध्यानात ठेवावा. पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे.

आता १९४३ च्या ग्रंथाकडे वळू. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने तो 'दि ॲबॉरिजिन्स, सो-कॉल्ड, अँड देअर फ्यूचर' या नावाने प्रसिद्ध केला. शीर्षकातील 'तथाकथित' हा शब्द म्हणजे साऱ्या ग्रंथाचे सार होय. त्यामागे एक वाद होता. १९३५ च्या कायद्याने आदिवासी प्रदेशांचे 'वर्जित' व 'अंशतः वर्जित' असे भाग पाडले होते. १९३९ साली व्हेरिअर एल्विन यांनी बैगा जमातीवरील आपल्या ग्रंथात एखाद्या राष्ट्रीय उद्यानासारखा राखीव प्रदेश सुचविला होता, आणि बाहेरच्यांच्या संपर्काने आदिवासींचा धीर खचतो असे ते मांडीत होते. ठक्कर बाप्पांनी १९४१ साली गोखले संस्थेतील व्याख्यानात या अलगपणाला विरोध केला. घुर्ये ठक्कर बाप्पांच्या बाजूचे. पण त्यांनी सेवाभावाच्या जागी विद्वत्तेचे हत्यार उचलले.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. जनगणनेच्या अधिकाऱ्यांनी आदिवासींच्या धर्माला 'जडप्राणवाद' म्हणावे की 'आदिम धर्म' म्हणावे याचा दशकानुदशके घोळ घातला, आणि हा धर्म व खालच्या थरांतील हिंदू धर्म यांच्यात रेघ ओढता येत नाही अशी कबुलीही आपापल्या अहवालांत दिली. रेघ ओढता येत नसेल तर वेगळा रकाना कशासाठी? हे लोक या भूमीचे मूळ रहिवासी आहेत हेही सिद्ध नाही. जमाती स्थलांतरित होतच आल्या. मग त्यांना मागासलेले हिंदू म्हणणे हेच यथार्थ होय. त्यांचे घुर्ये तीन भाग करतात : राजगोंडांसारखे, ज्यांनी हिंदू समाजात प्रतिष्ठेचे स्थान मिळविले; अंशतः हिंदू झालेला मोठा समुदाय; आणि डोंगरांत राहून बाहेरच्या संस्कृतीला दाद न देणारे थोडे. पहिला भाग हा दुसऱ्याचा उद्या, दुसरा तिसऱ्याचा. आदिवासींच्या हालअपेष्टांचे कारण हिंदूंचा संपर्क हे नसून ब्रिटिशांची महसूलपद्धती, न्यायालये, अबकारी व जंगलकायदे हे होय, आणि त्यांखाली बिगर-आदिवासी शेतकरीही तितकाच भरडला गेला, असे ते पुराव्यानिशी सांगतात.

या शेवटच्या मुद्द्यावर ते बव्हंशी बरोबर होते असे मला वाटते. एल्विन यांच्या लेखनात करुणा आहे, पण सावकाराचे खातेपुस्तक उघडून पाहण्याची चिकाटी घुर्ये यांच्यापाशी अधिक आहे. राखीव उद्यानाची कल्पना एल्विन यांनी स्वतःच पुढे सोडली. रकाना आखून माणसे वेगळी करण्यात परक्या सत्तेचे हित होते, हा घुर्ये यांचा संशयही निराधार नव्हता.

पण रेघ ओढता येत नाही, एवढ्यावरून पलीकडचे घर अस्तित्वातच नाही असे कसे सिद्ध होते? घुर्ये यांचा सारा ग्रंथ या एका उडीवर तोलला आहे, आणि ती उडी त्यांनी इतक्या सहजपणे मारली आहे की वाचताना ती लक्षातही येत नाही.

ज्या सावरगावी बसून मी हे लिहितो आहे तेथील भाषेचेच उदाहरण घेऊ. जाम नदीच्या अलीकडे सावरगाव, पलीकडे पांढुर्णा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर-विदर्भ मुंबई राज्याकडे गेले आणि पांढुर्णा व सौंसर हे मराठी बोलणारे तालुके छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. येथील बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची, पण तिच्यात हिंदीचे शब्दच नव्हे तर हिंदीची वाक्येच्या वाक्ये मिसळतात. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, भजन मराठी. कोठे मराठी संपली आणि कोठे हिंदी सुरू झाली हे बाजाराच्या दिवशी भल्या भाषापंडिताला सांगता येणार नाही. म्हणून उद्या कोणी विद्वान भोपाळहून येऊन म्हणाला की सावरगावची मराठी ही मागासलेली हिंदी आहे, तिने लवकरात लवकर पूर्ण हिंदी व्हावे, तर येथील कोणता गृहस्थ ते मान्य करील? सीमेवर मिसळण झाली याचा अर्थ दोन्ही बाजूंना काहीतरी आहे, इतकाच होतो. मिसळण्यासाठी दोन लागतात.

घुर्ये यांच्या तर्कात दुसरीही गोष्ट खटकते. मिसळण त्यांना नेहमी एकाच दिशेने वाहताना दिसते. गोंडाने महादेवाला हात जोडले तर गोंड हिंदू होत आहे. पण आमच्या भागातील शेतकरी गोंडांच्या देवाला मान देतो, तेव्हा तो गोंड होत आहे असे कोणी लिहीत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड उभारून सावरगाव व पांढुर्णा यांच्यात गोटमार होते. झाडावरचा झेंडा चंडीदेवीला वाहिला जातो म्हणून पोथी वाचणारा तिला शाक्त उत्सव म्हणेल. झाड आहे म्हणून जुन्या जनगणनेचा अधिकारी तिला वृक्षपूजेच्या रकान्यात टाकील. गावकरी मात्र पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांची आख्यायिका सांगतात, म्हणजे दोन गावांच्या सोयरिकीची आणि वैराची गोष्ट सांगतात. (या रक्तपाताचे समर्थन मला करावयाचे नाही, त्यात माणसे मेली आहेत.) मुद्दा एवढाच की विधीतील घटक कोणाच्या मालकीचे यावरून विधी कोणाचा हे ठरत नाही; तो करणाऱ्यांना विचारावे लागते. आणि विचारणे हेच घुर्ये यांच्या या ग्रंथात कमी पडले आहे. ग्रंथ जवळजवळ संपूर्णपणे अहवाल, गॅझेटियर आणि इतरांची वर्णने यांवर रचलेला आहे. आपल्या शिष्यांना त्यांनी क्षेत्रात पाठविले हे खरे, पण येथे बोलतात ते अधिकारी. गोंड बोलत नाही.

गोंड बोलला असता तर काय ऐकू आले असते? त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या लिंगोची दीर्घ कथा टिपून ठेवली होती. १८६३ साली हिस्लॉप बुडून वारले, आणि रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली त्यांचे कागद संपादून छापले. त्या कथेत गोंड कसे निर्माण झाले, कसे कोंडले गेले, कसे सुटले आणि लिंगोने त्यांची कुळे कशी लावली, हे सारे क्रमाने येते. हिंदू देवांची नावे तीत आहेत. पण कथेचा कणा गोंडांचा आहे. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी जी कुळांची विभागणी आजही लग्न जुळविताना पाळली जाते, तिचा उगम या कथेत सांगितला जातो. परधान ही कथा किंगरीवर गाऊन पिढ्यान्‌पिढ्या जपत आला. उत्पत्तिकथा, विवाहाचा नियम, पूर्वजांची स्मृती, तिचे गायक आणि एक द्राविडी भाषा : इतके सारे ज्याच्यापाशी आहे त्याला कोणत्या निकषाने धर्महीन म्हणावे? शास्त्रग्रंथ नाही एवढा एकच निकष उरतो. आणि तो संस्कृतच्या विद्यार्थ्याला जितका स्वाभाविक वाटावा तितकाच, खेदाने म्हणावे लागते, पुस्तकाच्या धर्माच्या सेवकालाही वाटतो.

राजगोंडांचे उदाहरण घुर्ये यांना फार प्रिय. पण ते आमच्याच भागात त्यांना साथ देत नाही. छिंदवाड्याच्या परिसरातील देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारी जाऊन मुसलमान झाला, आणि त्यानेच पुढे नागपूर शहर वसविले. त्याचे घराणे मुसलमान राहिले, आणि गोंड राजांचे घराणे म्हणूनही ओळखले गेले. मग देवगडचे गोंड हे मागासलेले मुसलमान होते काय? असे कोणी म्हटले नाही, म्हणणे हास्यास्पद होईल. राजसत्तेच्या सोयीसाठी गोंडांच्या वरच्या थराने कधी रजपुतांचे वळण घेतले, कधी मोगलांचे. त्यातील एकच वळण स्वगृही जाणे ठरावे आणि दुसरे अपघात ठरावा, याला समाजशास्त्रीय आधार नाही. येथे समाजशास्त्रज्ञाच्या मुखातून राष्ट्रवादी बोलत आहे. कॅरल उपाध्य यांनी २००२ साली घुर्ये यांच्या समाजशास्त्राला हिंदू राष्ट्रवादी असे नाव दिले ते काहींना कठोर वाटेल. परंतु ईशान्य भारतावरील त्यांचा १९८० चा ग्रंथ वाचणाऱ्यास, फुटीरतेचे भय या विद्वानाच्या मनाला किती व्यापून होते हे दिसल्यावाचून राहत नाही.

हा केवळ विद्वानांचा वाद असता तर या पत्रिकेची पाने मी अडविली नसती. आदिवासी मुळात हिंदूच, असे एकदा गृहीत धरले की एक विलक्षण असमतोल उत्पन्न होतो. गोंड ख्रिस्ती झाला तर ते धर्मांतर. गोंडाने बडादेव सोडून गावच्या मंदिराची वाट धरली तर ती केवळ प्रगती. पहिल्या हालचालीची नोंद होते, चौकशी होते. दुसरीला नावही नाही. नागपूर ही राजधानी असताना या राज्याने १९५४ साली न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली, आणि मिशनरी कार्यावरील तिचा अहवाल १९५६ साली निघाला. मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९६८ साली आला, आणि २०२१ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. या नव्या कायद्यात पैतृक धर्मात परतणे हे धर्मांतर समजले जाणार नाही अशी तरतूद आहे, आणि पैतृक धर्म म्हणजे जन्मसमयी पित्याचा जो धर्म तो. आता ज्या गोंडाच्या पित्याच्या नावापुढे एखाद्या कारकुनाने न विचारता 'हिंदू' असे लिहिले, त्याचा पैतृक धर्म कोणता? घुर्ये यांनी या कायद्यांचा मसुदा केला नाही, आणि त्यांच्या ग्रंथाशी त्यांचे थेट नाते मी जोडू इच्छीत नाही. पण प्रश्नाचे जे उत्तर सर्वांनी विचारावाचून गृहीत धरले आहे, ते उत्तर विद्वत्तेच्या भाषेत त्यांनी दिले होते.

तथापि घुर्ये यांच्यावर दगड उचलणाऱ्या आपल्या लोकांनी आपलेही घर तपासावे. मिशनच्या जुन्या वृत्तान्तांत गोंडांचे वर्णन कसे येते? भुताखेतांच्या भयात वावरणारे, धर्माविना असलेले, म्हणून सुवार्तेला सोपे. म्हणजे एका पक्षाला गोंड अर्धा भरलेला हवा होता आणि दुसऱ्याला रिकामा; त्याचे भांडे आधीच त्याच्या स्वतःच्या पाण्याने भरलेले आहे हे दोघांच्याही सोयीचे नव्हते. एल्विन यांची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. १९२७ साली ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सहकाऱ्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांत राहू लागले, आणि त्यांना ख्रिस्ती करण्याचे काम पत्करीत नाहीत म्हणून नागपूरच्या बिशपांशी त्यांचा बेबनाव झाला. पुढे त्यांनी चर्चच सोडले. त्यांची सगळी मते मला पटत नाहीत. सुवार्ता सांगू नये या निष्कर्षाला मी येऊ शकत नाही. पण ज्या माणसाला काही सांगावयाचे त्याचे आधी ऐकावे, एवढे त्यांना कळले होते. चर्चमध्ये राहूनही ते करता येते हे फादर स्टीफन फुक्स यांनी दाखविले. पूर्व मंडलातील गोंड व भूमिया यांच्यावरील त्यांचा १९६० चा ग्रंथ घुर्ये यांच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचावा.

आणखी एक गोष्ट आपल्या ईश्वरविज्ञानाविषयी. ख्रिस्ती धर्माचे भारतीयीकरण करावयाचे म्हटले की आपले लक्ष वेदान्ताकडे नाही तर संतपरंपरेकडे जाते. नारायण वामन टिळकांनी जे दिले ते अमोल आहे, आणि त्यांच्या गाण्यांवाचून मराठी मंडळीची उपासना मला कल्पिता येत नाही. परंतु 'भारतीय' म्हणजे पोथीत किंवा अभंगात सापडणारे, हे गृहीत घुर्ये यांचेच आहे. अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी शूद्रांच्या व दलितांच्या अनुभवातून ईश्वरविज्ञान मांडावयास घेतले तेव्हा या गृहीताला पहिला मोठा धक्का बसला. निर्मल मिंज यांनी छोटानागपूरच्या आदिवासींच्या बाजूने तेच काम केले. लिंगोची कथा मात्र आपल्या नागपूर-छिंदवाड्याच्या कोणत्या धर्मविद्यालयात निर्गमाच्या पुस्तकाशेजारी ठेवून शिकविली जाते? कोंडलेले लोक, त्यांना सोडविणारा, आणि सुटल्यानंतर दिलेली कुळांची व्यवस्था : साम्य दाखवून गोंडांना ख्रिस्ताचे नकळत अनुयायी ठरविण्यासाठी मी हे म्हणत नाही, कारण ते घुर्ये यांचीच युक्ती आपण वापरल्यासारखे होईल. शेजाऱ्याचा ग्रंथ म्हणून, त्याच्या घरी जाऊन, ती ऐकावी.

गोंड आता स्वतः बोलू लागला आहे. रामटेक तालुक्यात जन्मलेले डॉ. मोतीरावण कंगाली यांनी २०१५ साली निधन होईपर्यंत गोंडी भाषा व गोंडी पुनेम यांवर विपुल लिहिले. त्यांच्या काही व्युत्पत्ती मला साहसी वाटतात, पण आपल्या धर्माचे नाव आपण ठेवू हा त्यांचा आग्रह व्युत्पत्तीवर अवलंबून नाही. २०११ च्या जनगणनेत 'इतर धर्म' या सदराखाली सुमारे ७९ लाख लोक होते. त्यांत सरना म्हणविणारे सुमारे ४९ लाख आणि गोंड धर्म लिहविणारे सुमारे १० लाख. झारखंडच्या विधानसभेने २०२० साली सरना धर्मासाठी स्वतंत्र रकान्याची मागणी करणारा ठराव केला. घुर्ये यांनी रकाना आखणारा परका आहे म्हणून रकान्यावर आक्षेप घेतला होता. आज तो रकाना मागणारे ते लोकच आहेत, आणि या बदललेल्या परिस्थितीला लागू पडेल असे उत्तर त्यांच्या ग्रंथात नाही. १९५९ साली दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ग्रंथाचे नाव बदलून 'अनुसूचित जमाती' असे केले. 'तथाकथित' हा शब्द मुखपृष्ठावरून गेला. आतला युक्तिवाद मात्र तोच राहिला.

२०११ च्या जनगणनेच्या प्रपत्रात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध व जैन या सहा धर्मांना अंक दिलेले होते. बाकीच्यांनी आपल्या धर्माचे नाव पूर्ण अक्षरांत लिहवावयाचे होते. पुढील गणना २०२७ साली व्हावयाची असून तीत जातींचीही नोंद घेण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०२५ साली जाहीर केला. सावरगाव-पांढुर्ण्याकडे प्रगणक म्हणून बहुधा प्राथमिक शाळेचे शिक्षक येतात, आणि आपल्या मंडळ्यांतही शिक्षक पुष्कळ आहेत. गोंडाच्या अंगणात बसून तो रकाना भरताना त्यांनी आधी प्रश्न विचारावा, आणि जे नाव सांगितले जाईल ते पूर्ण अक्षरांत लिहावे.